पांढरा ठेवलेला चौकोन

माझं सगळं काम एका वाक्यात मावतं: पुढं वाका. समोरचा वाकतो आणि मी मागं उभी राहून त्याची पाठ बघते. एवढ्यासाठी साडेचार वर्षं शिकावं लागतं हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, ‘ती मालिशची डॉक्टर आहे.’ मी ते दुरुस्त करणं सोडून दिलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली सात वर्षं धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांमधून तपासणीच्या पथकाबरोबर फिरते. पथकातले डॉक्टर डोळे, दात, छाती बघतात, पाठी माझ्याकडे. मणक्यांची माळ मागून पाहिली तर सरळ असायला हवी. काही मुलांमध्ये ती वाढीच्या वयात एका बाजूला कलते, आणि नुसती कलत नाही, धुणं पिळावं तशी पिळतेही. त्या पिळामुळं एका बाजूच्या बरगड्या मागं उचलल्या जातात. उभ्या माणसाची पाठ हे लपवू शकते, वाकलेल्या माणसाची नाही. म्हणून वाकायला सांगायचं. उंचवटा दिसला की त्याच्यावर गवंड्याच्या पाणसळीसारखं एक छोटं साधन आडवं ठेवायचं, आतली गोळी किती अंशांवर थांबते ते लिहायचं, आणि आकडा जास्त असेल तर एक्स-रेला पाठवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण आठवीतल्या मुलीला अनोळखी बाईनं मागं उभं राहून ‘वाक’ म्हटलं की ती दगड होते. मला ते समजतं, कारण मीही तशीच होते. चार माणसांत माझं नाव पुकारलं तरी माझे कान तापायचे. अजूनही तापतात. पहिल्या वर्षी मला एक युक्ती सापडली. ‘पाहुणे आल्यावर पाया पडता ना, तशा वाका,’ असं म्हटलं की मुली पटकन वाकतात. एका शाळेत एक मुलगी समोरच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या खरंच पाया पडली आणि बाईंनीही ‘शहाणी हो’ म्हणून टाकलं. दोघी इतक्या गंभीर होत्या की मला हसताही येईना.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. आजाराचं नाव, कारणं, उपचार, सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं आणि समोर बसलेल्यांना सांगायला शब्द नव्हते. एकदा एका आजोबांना मी ‘कुबड’ म्हणाले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “कुबडी म्हनता व्हय माज्या नातीला?” तेव्हापासून मी ‘पाठीला बाक’ म्हणते. बाक म्हटलं की माणसं निदान बसून राहतात.

बसली की कारण विचारतात. दप्तराचं ओझं का? घागरी वाहिल्या म्हणून का? तिरकी बसते म्हणून का? नाही, नाही, नाही. एका बाईंनी मला खालच्या आवाजात सांगितलं होतं की पोटुशी असताना ग्रहणात त्यांच्याकडून वांगी चिरली गेली. शेजारी बसलेला नवरा मान हलवत होता, जणू निकाल लागला. मी म्हणाले, वांग्यांचा काही संबंध नाही. तो म्हणाला, “मग कशानं?” तिथं मी अडकायचे. कारण खरं उत्तर असं आहे की नक्की कारण कुणालाच माहीत नाही. एवढं माहीत आहे की हा बाक घराण्यात चालतो. आईला, मावशीला, बहिणीला असेल तर मुलीला असण्याची शक्यता वाढते. वाढते एवढंच; होईलच असं नाही, आणि एकीचा किती वाढेल त्यावरून दुसरीचा सांगता येत नाही.

हे घराण्यात चालणं मी एका घरात नको तसं सांगितलं. नावं बदलून लिहिते.

अणदूर भागातल्या एका शाळेत दहावीच्या वर्गात अश्विनी नावाची मुलगी होती. ती उभी असताना मी तिला जवळजवळ सोडून दिलं होतं. खांदे सारखे, कंबर सारखी. वाकली तेव्हा उजवी बाजू अशी वर आली की माझा हात साधनासकट थांबला. मग मी तिचा ड्रेस पाहिला. उजव्या खांद्याची शिवण डाव्यापेक्षा खाली घेतलेली होती, डाव्या खांद्यात आत पातळ गादी होती, कमरेला एका बाजूला चुण्या सोडलेल्या होत्या. मी माझ्या प्रमाणपत्रासकट त्या कपड्याला फसले होते. विचारलं, कुणी शिवला? ती म्हणाली, “मुमताजआपानं.”

मुमताजआपांचं मशीन रस्त्यालगतच्या एका खोलीत आहे. तिथं गावातल्या बायका ब्लाऊज टाकायला येतात आणि तासभर बसतात. मी गेले तेव्हा त्यांनी मला आधी आपादमस्तक पाहिलं आणि सांगितलं की माझा डावा खांदा पर्स लटकवून खाली गेलाय. पाठी बघणाऱ्या बाईची पाठ कुणी बघायची पहिलीच वेळ होती. त्या म्हणाल्या, “तुमी मशीन लावून बगता मॅडम, आमी टेप लावून बगतो. बाई कदी वाकडी म्हनायची न्हाय. माप वाकडं आलं म्हनायचं.” मग अश्विनीचं नाव काढल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मापांची वही उघडली. त्या वहीत बहुतेक बायकांचं एकच माप होतं. काहींच्या पानावर डावं-उजवं वेगळं होतं. अश्विनीच्या पानावर होतं. तिच्या आईच्या, सुनंदाताईंच्या पानावर होतं. सुनंदाताईंची बहीण सणाला यायची, तिच्याही.

“लग्न होऊन आली तवापास्नं तिचं मीच शिवते,” आपा म्हणाल्या. “घरात कुनाला पत्ता न्हाय. सासूला बी न्हाय. मी सांगितलं म्हनू नका, नक्को.”

मी त्यांना शब्द दिला. तो शब्द मी पाळला असं मला त्या वेळी वाटत होतं, कारण मी त्यांचं नाव कुठंच घेतलं नाही.

अश्विनीच्या एक्स-रेला आम्ही सोलापूरला गेलो. बाक चोपन्न अंशांचा निघाला. तिची वाढ जवळजवळ संपली होती, त्यामुळं पट्ट्याचा उपयोग नव्हता. पट्टा म्हणजे छातीपासून कमरेपर्यंतचं कडक प्लास्टिकचं जाकीट. ते वाढत्या मणक्याला धरून ठेवतं, वाढून बसलेल्याला सरळ करत नाही. राहिलं ऑपरेशन, आणि त्याला घरचे नाही म्हणाले. चिरफाड केलेली पोर कोण करून घेईल, असं आजींनी, म्हणजे सुनंदाताईंच्या सासूबाईंनी, निरोपात सांगितलं होतं.

त्या दिवशी धाकटी साक्षीही बरोबर होती, घरी मागं राहायला तयार नव्हती म्हणून. साडेदहा वर्षांची, पायात मोठ्या बहिणीच्या चपला. वाट बघून कंटाळली होती. मी तिला गंमत म्हणून पाया पडायला लावलं. उजवीकडे किंचित उंचवटा होता, नवीन माणसाला दिसलाही नसता. तिचाही एक्स-रे काढला. अठरा अंश.

अठरा म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, लक्ष ठेवण्यासारखं सगळं. ती अजून मोठी झालेली नव्हती. उंची भराभर वाढण्याची वर्षं पुढंच होती, आणि बाक पळतो तो त्याच वर्षांत. दर चार महिन्यांनी आणायचं, आकडा पंचविसाकडे निघाला की लगेच पट्टा घालायचा, वाढ थांबेपर्यंत उतरवायचा नाही. अश्विनीच्या बाबतीत जे हातातून गेलं होतं ते साक्षीच्या बाबतीत अजून हातात होतं. मला त्या मुलीची पाठ वाचवायची होती, आणि ती वाचवता येणार होती. हे मी आज लिहितानाही मला खरं वाटतं, तेच वाईट आहे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला? सुनंदाताई म्हणाल्या, कुणालाच नाही. मी त्यांच्या ब्लाऊजच्या खांद्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाही.

बोलले ते चार दिवसांनी, त्यांच्या घरी जाऊन.

आमच्या शिक्षणात वंशाचा तक्ता काढायला शिकवतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे दोघांना जोडणारी रेघ, मुलं खाली लोंबलेली. ज्याला आजार आहे त्याचं चिन्ह काळं भरायचं. मला वाटलं, घरच्यांना डोळ्यांनी दिसलं की पटेल, आणि साक्षीला न चुकता आणतील. म्हणून मी तक्ता चार्टपेपरवर काढला. शाळेत प्रोजेक्ट करायचो तसा, पट्टीनं आखून, स्केचपेननं, वर ठळक अक्षरांत ‘साक्षीची पाठ’ असं शीर्षक देऊन. सुनंदाताईंचा गोल काळा, बहिणीचा काळा, अश्विनीचा काळा, साक्षीचा अर्धा. साक्षीचे वडील बब्रुवान यांचा चौकोन पांढरा, त्यांच्या बाजूचं सगळं पांढरं. गोल अगदी नीट भरले होते. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

अंगणात सतरंजी टाकली होती. आजी, बब्रुवानदादा, आणि शेजारचे एक चुलते सहज येऊन बसलेले. सुनंदाताई दारात. मी चार्ट उलगडला, एका कोपऱ्यावर तांब्या ठेवला, दुसऱ्यावर अश्विनीनं हात. मी समजावू लागले. लोकांसमोर बोलताना माझा आवाज बसतो, म्हणून मी कागदाकडे बघूनच बोलत होते. कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर थांबले असते.

आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं.

“ह्यो काळा गोल कुनाचा?”

मी सांगितलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या गोलावर बोट ठेवलं. “ह्यो?” मी सांगितलं. मग बोट सावकाश पांढऱ्या चौकोनावर आलं. “आन ह्यो आमचा बब्रुवान.”

“हो.”

“पांढराफेक हाय.”

मी दाराकडे पाहिलं तेव्हा सुनंदाताईंनी पदर उजव्या खांद्यावर ओढून घेतला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. कुणी पायावर पाय दिला आणि त्याला कळलंही नाही, तेव्हा आपण त्याच्याकडे बघतो तसं.

मी खूप बोलले त्यानंतर. यात कुणाचा दोष नसतो, हे कुणाच्या हातात नसतं, एकाच व्यक्तीकडून येतं असं नाही. आजी मला चहा घेतल्याशिवाय सोडेनात. इतक्या प्रेमानं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. निघताना म्हणाल्या, “कागद ऱ्हाऊ द्या हितंच. चांगला काढलाय.”

कागद तिथंच राहिला. पंधरा दिवसांनी भावकी बसली. सुनंदाताईंच्या भावाला नळदुर्गाजवळच्या गावातून बोलावून घेतलं आणि माझा चार्टपेपर त्याच्यासमोर अंथरला. डॉक्टरीणबाईनं लिहून दिलंय, वाकडं बियाणं फसवून दिलं आमाला, असं भावकीनं त्याला सुनावलं. हे मला अश्विनीनं नंतर फोनवर सांगितलं, शांतपणे, धडा वाचून दाखवावा तसं. सुनंदाताई भावाबरोबर गेल्या. मुली इथंच ठेवल्या गेल्या. अश्विनीची अकरावी झाली नाही.

मी फोन केले. बब्रुवानदादा दर वेळी उचलायचे आणि दर वेळी म्हणायचे, “आनतो की ताई, जरा मेंढराचं बगून.” चौथा महिना गेला, आठवा गेला. साक्षीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे गावासमोर सांगायचं की दुसरी पोरगी पण तशीच आहे, आणि पट्टा घालायचा म्हणजे तिच्या अंगावर पाटी लावायची. ज्या गोष्टीसाठी मी तक्ता काढला होता, ती त्या तक्त्यानंच बंद केली होती. मी एकदा गेले तेव्हा दार लोटलेलं होतं, आणि साक्षी मामाकडे गेली आहे असं आजींनी आतूनच सांगितलं. भिंतीपलीकडे साक्षीचा खोकला ऐकू येत होता. मी परत फिरले. कुणी ढकललं नाही मला. मी दार वाजवणाऱ्यांतली नाही, एवढंच.

चौदा महिन्यांनी मी पुन्हा गेले. या वेळी न सांगता, दुपारी. अंगणात लोकर कातरायचं काम चाललं होतं. मेंढी आडवी पाडून तिचे पाय बांधलेले, आणि बब्रुवानदादा उघड्या अंगानं तिच्यावर वाकून कातरी चालवत होते. पाठ माझ्याकडे. ऊन थेट पाठीवर.

मी नमस्कार करणार एवढ्यात माझी नजर त्या पाठीवर गेली.

उजव्या बाजूच्या बरगड्या वर आलेल्या होत्या. फार नाही. पण स्वच्छ, पुस्तकातल्या चित्रासारख्या. मणक्यांची रेघ मध्यावर उजवीकडे सरकून परत येत होती, घामानं चमकत होती. मी चार वर्षं हजारो पाठी पाहिल्या होत्या आणि त्या घराचा तक्ता काढताना या पाठीला वाकायला सांगणं माझ्या मनातही आलं नव्हतं. बायकांची पाठ झाकलेली, म्हणून ती शोधत मी शिवणाच्या वहीपर्यंत गेले. हा माणूस जन्मभर उघड्या अंगानं गावात हिंडत होता. गावानं पाहिलं नाही, त्याच्या आईनं पाहिलं नाही, मीही चौकोन पांढरा सोडून दिला. पुरुषांमध्ये बाक बहुधा थोडक्यावर थांबतो, दुखत नाही, लग्नाच्या आड येत नाही. म्हणून तो कुणी बघतच नाही. पण पुढच्या पिढीला द्यायला तेवढा पुरतो.

मला एक उपमा तेव्हा सुचली, चौदा महिने उशिरा. जोगव्याला पाच घरी हिंडतात, परडीत मूठमूठ पीठ पडतं. भाकरी भाजल्यावर कुठला घास कुणाच्या पिठाचा ते सांगता येत नाही. बाक असा येतो. एका घरातून पोतंभर येत नाही. हे वाक्य मी त्या सतरंजीवर बसून बोलले असते तर आजींना कळलं असतं. तिथल्या कुणालाही कळलं असतं. माझ्याकडे त्या दिवशी चार्टपेपर होता.

दादा हात धुवायला हौदाकडे गेले तेव्हा मी मागोमाग गेले. पाठ दुखते का विचारलं. ते म्हणाले, मेंढरामागं हिंडणाऱ्याची दुखतीच की. मग मी सांगितलं. शक्य तितक्या कमी शब्दांत. त्यांनी हात मागं नेला आणि आपली बरगडी चाचपली, मग दुसरी बाजू चाचपली. हात हौदात पुन्हा धुतले. अंगणात आजी लोकर पोत्यात दाबून भरत होत्या.

“ताई,” ते म्हणाले, “म्हातारीला सांगू नका.”

त्यांनी अंगणाकडे पाहिलं.

“साक्षीला म्या आनतो. उद्याच आनतो. पट्टा घालू, तुमी म्हनाल ते करू. पर हे तुमच्या-माज्यात ऱ्हाऊ द्या.”

एका माणसाच्या अंगाची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तो मी याच अंगणात मोडला होता आणि त्यातून एका बाईचं घर गेलं होतं. आता त्याच अंगणात मला तो पाळायचा होता, आणि पाळला की ती बाई बाहेरच राहणार होती. मी मान हलवली. साक्षीचा विचार केला असं मी स्वतःला सांगते.

शब्दाला जागून दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला आणलं. ती चांगली चार बोटं उंच झाली होती. चौतीस अंश.

पट्टा केला. आमच्याकडचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना कडक प्लास्टिक दिवसातले अठरा तास अंगाला बांधणं म्हणजे काय ते सांगायला नको. आत घामोळ्यांनी पाठ सोलून निघायची. साक्षी शाळेत तो काढून दप्तरामागं लपवायची. घरी पाहुणे आले की आजी काढून कोठीत टाकायच्या. “पट्टा कुठाय?” विचारलं की साक्षी म्हणायची, “झोपलाय.” ती विनोदी मुलगी होती, अजून आहे. एका वर्षानं एकावन्न.

आता पुढचं थोडक्यात. अश्विनी मुमताजआपांच्या खोलीत दुसऱ्या मशीनवर बसते. आपा म्हणतात, तिच्याइतकी खांद्याची शिवण कुणाला साधत नाही. साक्षीचे कपडे तीच शिवायची. या वेळी दादा हो म्हणाले आणि साक्षीचं ऑपरेशन झालं, सोलापूरलाच. मणक्यांना दोन्ही बाजूंनी सळया लावल्या. साक्षी बरीच सरळ झाली. आता पाठीचा तेवढा भाग वाकत नाही, पाया पडायचं तर ती गुडघ्यावर बसते. सुनंदाताई तिच्याजवळ दीड महिना होत्या. दवाखान्यात राबायला आई चालते. नंतर त्या परत भावाकडे गेल्या.

मी शाळांमधून पालक आले की आधी बापाला वाकायला सांगते. बाप हसतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि वाकतात. अजून एकानंही नाही म्हटलेलं नाही. इतकं सोपं होतं.

पण मला लिहायचं होतं ते ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर सुनंदाताई आणि मी बसलो होतो. तीन वर्षांनी प्रथमच एकट्या. दादांना मी शब्द दिलेला होता. मी माफी मागितली, चार्टची. त्या म्हणाल्या, ते जाऊ द्या. मग मी आडून आडून सुरुवात केली, की हे नेहमी आईकडूनच येतं असं नाही, पुष्कळदा दोन्हीकडून...

“मला ठाव हाय,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“सतरा वर्सं ती पाठ म्या चोळलीया मॅडम. तेल लावताना हाताला लागत नसंल व्हय?”

मी विचारलं, मग त्या दिवशी का बोलला नाहीत? भावकीत का बोलला नाहीत? समोर साक्षी खाटेवर बसून नर्सला काहीतरी सांगत होती आणि नर्स हसत होती.

“बोलून काय झालं असतं? दोन्हीकडचं हाय म्हटल्यावर पोरींना कुनी उंबऱ्यात उबं केलं असतं का? आईचं हाय म्हटलं की आईला बाजूला काढता येतं. घर सवच्छ ऱ्हातं.” त्या थांबल्या. “तुमी तो चौकोन पांढरा ठेवला तवा मला वाटलं, तुमाला बी कळलंय. मुद्दामच ठेवला.”

मी म्हणाले नाही की मला कळलं नव्हतं.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला. माझ्याहून लहान असेल. बब्रुवानदादा औषधं घेऊन जिन्यातून वर आले आणि आमच्यापासून दोन हात अंतरावर उभे राहिले. डॉक्टरनं पेशंटचं वय विचारलं, वजन विचारलं. मग विचारलं, घरात आणखी कुणाला असा बाक? दादा फरशीकडे बघू लागले. सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या. मी पथकातली म्हणून डॉक्टरनंही मलाच विचारलं.

“बहिणीला,” मी म्हणाले. “आईला. मावशीला.”

“वडिलांकडे कुणाला?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यानं ते लिहून घेतलं. सुनंदाताईंनी उजव्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि आत जाऊन साक्षीची वेणी घालायला बसल्या.